पट्टी खिशात ठेवून गिटार घ्यायला जा

गिटारचा क्लास लावला की पहिल्या महिन्यात डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडतात. ते पडायलाच हवेत. पण एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे काही स्वर) धरताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, तर्जनीवर तारेचा खोल वळ उमटतो आणि एवढं दाबूनही तार ‘थड्’ अशी मुकी वाजते, तेव्हा बहुतेक वेळा दोष बोटांचा नसतो. त्या गिटारच्या तारा गरजेपेक्षा उंच बसलेल्या असतात. शिकणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. तो ‘मला जमत नाही’ असं धरून चालतो आणि दोन महिन्यांत गिटार माळ्यावर जाते. याचं फार वाईट वाटतं, कारण ही उंची पैसे देण्याआधी दुकानातच मोजता येते आणि त्यासाठी गिटार वाजवता यावी लागत नाही.

तार आणि फ्रेट यांच्यातल्या या उंचीला गिटारवाले ‘ॲक्शन’ म्हणतात. फ्रेट म्हणजे मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सरकवून स्वरात आणता येतात. गिटारचे फ्रेट लाकडात पक्के बसवलेले असतात. कारखान्यात चुकीच्या जागी बसलेला फ्रेट घरी दुरुस्त होत नाही. म्हणून तपासणी घेण्याआधीच व्हायला हवी.

घरातून निघण्याआधी

पहिला निर्णय तारांचा. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलोच्या आसपास असतो, स्टीलच्या १२ नंबरच्या सेटचा ७० किलोच्या पुढे. बोटाला नायलॉन मऊ लागतं ते यामुळे. पण नायलॉनच्या, म्हणजे क्लासिकल गिटारची मान रुंद असते. डोक्याकडच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पांढऱ्या पट्टीला नट म्हणतात. क्लासिकल गिटारचा नट ५२ मिमीच्या आसपास रुंद असतो, स्टीलवालीचा ४३. गात गात कॉर्ड वाजवायच्या, भावगीतं, अभंग, हिंदी गाणी साथीला घ्यायची, तर स्टील घ्या. बोटांनी सुटे स्वर वाजवायचे असतील किंवा मोठ्या माणसाची बोटं फारच नाजूक असतील, तर नायलॉन. मात्र नायलॉनच्या गिटारवर ‘आवाज मोठा येतो’ म्हणून स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. तिचा ब्रिज, म्हणजे पोटावरची तारा अडकवलेली लाकडी पट्टी, तेवढा ताण सोसायला केलेलाच नसतो, तो एके दिवशी पापुद्र्यासकट उखडतो.

दुसरा निर्णय मापाचा. दुकानात ३८, ३९, ४०, ४१ इंची असं बोलतात, ती गिटारची एकूण लांबी. ४१ इंची म्हणजे मोठ्या पोटाची ड्रेडनॉट. आवाज भरदार, पण बुटक्या अंगाच्या माणसाला उजवा खांदा उचलून हात टाकावा लागतो. खुर्चीवर ताठ बसा, गिटार उजव्या मांडीवर घ्या, हात वरून टाका. खांदा कानाकडे चढत असेल तर ४० किंवा ३८ बघा. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ३४ किंवा ३६ इंची. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून कपडे घेतात तशी गिटार घेऊ नये, मूल वाढेपर्यंत त्याची हौस संपलेली असते.

पैशांचं म्हणाल तर चार हजारांच्या आतल्या गिटारमध्ये नशिबाचा भाग फार. बऱ्याच गिटारना फिरवता येणारा ट्रस रॉडच नसतो. मानेच्या आत घातलेला हा लोखंडी दांडा तारांच्या ताणाला तोलून धरतो. तो नसला तर वाकलेली मान सरळ करायचा साधा मार्ग उरत नाही. पाच ते आठ हजारांत नीट निवडली तर शिकण्याजोगी चांगली गिटार मिळते. आठ ते बारा हजारांत एकाच मॉडेलच्या दोन गिटारमधला फरक कमी होत जातो. यामाहाची एफ२८० आणि एफ३१० ही मॉडेलं इतकी खपतात त्याचं एक कारण हेच. शिवाय त्यांची स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत (ब्रिजवरची पांढरी पट्टी) वाजणाऱ्या तारेची लांबी, ६३४ मिमी आहे. नेहमीच्या ड्रेडनॉटची ६४५ ते ६५० असते. लांबी कमी तर त्याच स्वराला ताण कमी, आणि बोटाला तेवढाच आराम.

जे काही बजेट असेल त्यातले हजार-दीड हजार बाजूला ठेवा. नव्या तारा आणि सेटअप, म्हणजे मान आणि तारांची उंची जुळवून घेणं, यासाठी ते लागणार आहेत. सात हजारांची सेटअप न केलेली गिटार घेण्यापेक्षा साडेपाच हजारांची घेऊन हजार रुपये तिच्यावर घालणं शहाणपणाचं. चकचकीत रंग, कोपरा कापलेली बॉडी, आवाज स्पीकरवर नेण्यासाठी आत बसवलेला पिकअप यांवर सुरुवातीला पैसे घालवू नका. सूर जुळवायचा ट्यूनर म्हणाल तर मोबाइलवरचं फुकट ॲप पुरतं.

दुकानातली पंधरा मिनिटं

सोबत चार वस्तू न्या: सहा इंची स्टीलची पट्टी, ट्यूनरचं ॲप, साध्या कागदाची चिठोरी आणि मिळाला तर कॅपो (मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा). पट्टी हार्डवेअरच्या दुकानातली, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची घ्या. तिचा शून्य काठापासूनच सुरू व्हायला हवा. शाळेच्या प्लास्टिकच्या पट्टीत शून्याआधी थोडी मोकळी जागा असते, तेवढी चूक इथे पुष्कळ झाली. सांगली, मिरज किंवा साताऱ्यात चार-पाच गिटार समोर मांडून बघता आल्या तर उत्तमच. फारच कमी माल दिसला तर कोल्हापूर किंवा पुण्याची एक फेरी करा.

१. आधी गिटार सुरात लावा. जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. हे सोडून मोजमाप करू नका. दुकानातल्या गिटारच्या तारा पुष्कळदा सैल ठेवलेल्या असतात. सैल तारेनं मान सरळ राहते, तारा खाली दिसतात आणि हाताला लोण्यासारख्या लागतात. घरी सुरात लावली की त्याच तारा वर चढतात.

२. आता ॲक्शन. गिटार मांडीवर वाजवायच्या स्थितीत ठेवा. पट्टीचं टोक बाराव्या फ्रेटच्या धातूच्या माथ्यावर उभं टेकवा आणि तारेच्या खालच्या कडेपर्यंत वाचा. डोळा तारेच्या रेषेत आणा, वरून बघितलं तर आकडा चुकतो. तारेला पट्टीचा धक्का लागू देऊ नका. समजत नसेल तर मोबाइलनं जवळून फोटो काढा आणि मोठा करून वाचा. स्टीलच्या गिटारला जाड ई तारेखाली २ ते २.५ मिमी आणि बारीक ई तारेखाली १.५ ते २ मिमी आलं तर नवशिक्याला सुख. जाड तारेखाली ३ च्या वर गेलं तर सेटअप केल्याशिवाय त्रास ठरलेला. क्लासिकलला जाडीखाली ४ आणि बारकीखाली ३ पर्यंत चालतं, तिच्या तारा जास्त झुलतात.

३. मग नट. याकडे जवळपास कुणीच बघत नाही, आणि नवशिक्याचा सगळा वेळ पहिल्या तीन फ्रेटांतच जातो. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या वर बघा. तार आणि फ्रेट यांत जेमतेम कागद जाईल एवढी फट हवी. जाड पुठ्ठा जाईल एवढी असेल तर नटच्या खाचा उथळ राहिल्यात. त्याची खूण दोन ठिकाणी दिसते: पहिल्या फ्रेटवर दाबायला जोर लागतो, आणि सुरात लावलेल्या गिटारवरही सी कॉर्ड जरा चढी ऐकू येते, कारण उंच तार दाबताना ताणली जाते. कॅपो असेल तर पहिल्या फ्रेटवर लावा आणि त्याच्या पुढे कॉर्ड धरून बघा. एकदम सोपं वाटलं तर चोर नटच आहे. हा दोष स्वस्तात निघतो, म्हणून एवढ्यावरून गिटार नाकारू नका, भाव मात्र करा.

४. मान सरळ आहे का? डाव्या हातानं जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि उजव्या हातानं चौदाव्या फ्रेटवर दाबा. ताणलेली तार म्हणजे आयती फूटपट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत ०.२ ते ०.३ मिमी फट हवी, म्हणजे साध्या कागदाचे दोन-तीन पदर. फट मुळीच नसेल तर मान मागे वाकलीय, तारा खरखरतील. जास्त असेल तर पुढे वाकलीय. ट्रस रॉड असला तर दोन्ही बऱ्याच अंशी दुरुस्त होतं. तो आहे का ते आत्ताच बघा: मोबाइलचा टॉर्च आवाजाच्या भोकात मारला की मानेच्या बुंध्याशी षट्कोनी खाच दिसते, नाहीतर डोक्यावर नटच्या मागे एक छोटं झाकण असतं. पण मान पिळलेली असेल, म्हणजे जाड तारेच्या बाजूनं एक वाक आणि बारीक तारेच्या बाजूनं दुसरा, तर ती गिटार खाली ठेवा. तो पीळ रॉडनं निघत नाही.

५. सॅडल बघा. ब्रिजवर तारा ज्या पांढऱ्या पट्टीवरून जातात ते सॅडल. ते ब्रिजच्या लाकडावर निदान ३ मिमी दिसायला हवं, कारण पुढे घासून कमी करायला जागा लागते. तारा उंच आहेत आणि सॅडल आधीच ब्रिजला टेकलंय, असं दिसलं तर मानेचा कोन गेलाय. त्याची दुरुस्ती गिटारपेक्षा महाग पडते. दुकानदार कितीही सवलत देवो, नको म्हणा.

६. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाची चिठोरी सरकवून बघा. ती आत शिरली तर गोंद सुटायला लागलाय. ब्रिजमागे पोट थोडं फुगलेलं असणं साधारण आहे, पण डोळ्यांत भरेल असं टेकाड नको.

७. आता सहाही तारांवर चौदा फ्रेटपर्यंत एकेक स्वर छेडा. हे ८४ स्वर होतात, पाच मिनिटं लागतात, दुकानदार थोडा वैतागेल. वैतागू द्या. एखाद्याच ठिकाणी खरखर आली तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आलेला असतो. सगळीकडे आली तर मान किंवा सॅडल.

८. शेवटी सूर. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवा, छेडा आणि लगेच उचला. घंटेसारखा स्वर येतो. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून छेडा. ट्यूनरवर दोन्ही स्वर ५ सेंटच्या आत जुळायला हवेत (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). १५-२० सेंटचा फरक असेल तर वरच्या फ्रेटवरच्या कॉर्ड कायम बेसूर राहतील. एक शंका मात्र राखून ठेवा: गंजलेल्या जुन्या तारांवरही असा फरक येतो.

फ्रेटांच्या टोकांवरून तळहात फिरवा, बोचले तर बारीक कानशीनं जातात. खुंट्या फिरवताना मध्येच रिकाम्या जात असतील तर दुसरी गिटार मागा.

ऑनलाइन मागवलीत तर हीच तपासणी घरी करा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत आठही पायऱ्या उरका.

घरी आणल्यावर: क्रम चुकवू नका

सेटअपचा क्रम ठरलेला आहे. आधी तारा, मग ट्रस रॉड, मग नट, शेवटी सॅडल. उलटं केलंत तर प्रत्येक पुढचं काम मागचं बिघडवतं.

स्टीलच्या तारांचा नंबर म्हणजे सगळ्यांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. दुसरा आकडा सगळ्यांत जाड तारेचा. १२-५३ चा सेट भरदार पण कडक. शिकताना ११-५२ किंवा १०-४७ लावा. १०-४७ ला एकूण ताण ६० किलोच्या आसपास येतो, हा फरक पहिल्याच दिवशी बोटाला कळतो. आवाज जरा पातळ होतो, सहा महिने तो चालवून घ्यावा. ताण कमी झाल्यानं मान थोडी मागे जाते आणि खरखर येऊ शकते. तशी आली तर तारांना दोष न देता रॉड बघा.

रॉडला बहुधा ४ किंवा ५ मिमीची ॲलन की लागते. गिटारसोबत आली असेल तर तीच वापरा, ढिली बसणारी की खाच गोल करून टाकते. घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की मान सरळ होते, उलट फिरवलं की पुढे झुकते. एका वेळी पाव फेऱ्याच्या आतच फिरवा, पुन्हा सुरात लावा, पुन्हा फट मोजा, मान स्थिरावायला एक दिवस द्या. जोर लागायला लागला की थांबा. आणि रॉडनं ॲक्शन कमी करायला जाऊ नका. त्याचं काम मानेचा वाक एवढंच.

नटच्या खाचांना तारेच्या जाडीच्या बारीक कानशी लागतात, हे काम जाणकाराकडून करून घ्या. खाच केसभर जास्त खोल गेली तर मोकळी तार खरखरते आणि नटच बदलावा लागतो.

सॅडल मात्र घरी जमतं. हिशोब सोपा: सॅडल जितकं खाली येईल त्याच्या निम्मं बाराव्या फ्रेटवर कमी होतं. समजा जाड तारेखाली ३.२ मिमी आलं आणि तुम्हाला २.४ हवंय. फरक ०.८, म्हणजे सॅडलच्या तळातून १.६ मिमी काढायचं. तारा सैल करून सॅडल वर ओढून काढा. तळापासून १.६ मिमीवर टोकदार पेन्सिलनं रेष मारा. १५० नंबरचा पॉलिश पेपर काचेच्या तुकड्यावर सपाट चिकटवा, सॅडल उभं धरून एकाच दिशेनं घासा. बोटांचा दाब एका टोकाला जास्त पडतो, म्हणून दर दहा-पंधरा घासण्यांनंतर डावं-उजवं टोक बदलून धरा, तळ मात्र खालीच. रेषेच्या थोडं अलीकडेच थांबा, बसवा, सुरात लावा, मोजा. तळ सपाट राहिला पाहिजे, गोल झाला तर आवाज दबतो, आणि खाली पिकअप असेल तर एखादी तार स्पीकरवर ऐकूच येत नाही. वरची कड घासू नका. जुनं सॅडल जपून ठेवून नव्या तुकड्यावर हे केलंत तर आणखी बरं.

इथे आपल्या भागाचं एक भाग्य आहे. मिरजेत दीडशेहून जास्त वर्षं सतार-तंबोरे घडतायत, शिकलगार घराण्यांनी शस्त्रांचं काम सोडून हा हुन्नर धरला, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हाडाचा तुकडा मापात घासून देणारे हात तिथे आहेत. प्लास्टिकच्या सॅडलऐवजी हाडाचं करून घेतलं तर स्वर नितळ येतो. पण सांगताना नीट सांगा. सतारीच्या घोडीवर (तिचा ब्रिज) जवारी काढतात, म्हणजे माथा रुंद आणि किंचित उताराचा ठेवून तारेला मुद्दाम झंकार देतात. गिटारला तोच झंकार म्हणजे दोष. ‘जवारी नको, तार एकाच बारीक कडेवरून सुटू दे’ असं म्हटलं की कारागिराला बरोबर कळतं. गिटारचं काम ते घेतात का हे आधी विचारून घ्या, आणि जुनं सॅडल माप म्हणून सोबत द्या.

पाऊस, ऊन आणि लाकूड

गिटारला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के मानवते. आपल्याकडे सातारा-सांगलीत दोन टोकं आहेत. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते. माण, खटाव, तिकडे जत, आटपाडीत एप्रिलचा वारा लाकूड सुकवतो. ओल्या हवेत पुढची फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि मे महिन्यात २.४ असलेली ॲक्शन ऑगस्टमध्ये ३ कडे सरकते. कोरड्या हवेत मानेचं लाकूड आक्रसतं, फ्रेटांची टोकं बाहेर येऊन बोचतात, फळीला चीर जाऊ शकते.

म्हणून पहिली गिटार लॅमिनेटेड, म्हणजे पातळ थर चिकटवलेल्या फळीची असली तर कमीपणा मानू नका. सॉलिड लाकडाची गोड वाजते, पण तिला जास्त जपावं लागतं. पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पिशवीत बंद करा आणि आत ५०-१०० ग्रॅम ओल शोषून रंग बदलणारं सिलिका जेल टाका. रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरता येतं. कोरड्या भागात एप्रिल-मेमध्ये याच्या उलट: साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा आणि डबी पिशवीत, डोक्याच्या बाजूला. थेंब गळता कामा नये. तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक घेतलात तर अंदाजावर चालावं लागणार नाही. पत्र्याच्या घरात छताजवळ आणि उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवू नका, तापलेल्या गोंदाची पकड सुटते. वाजवून झालं की तारा सुती फडक्यानं पुसा.

जुनी घेत असाल तर

हॉस्टेल सोडताना पोरं गिटार विकून जातात, निम्म्या किमतीत चांगला सौदा होतो. वरची तपासणी तशीच करायची, आणि पहिल्या तीन फ्रेटांवर तारांनी पाडलेले खड्डे बघायचे. सांगलीत मात्र एक गोष्ट जास्तीची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुष्कळ घरांत पाणी शिरलं होतं. टॉर्च मारून आतलं लेबल बघा: कागद सुरकुतलेला, त्यावर तपकिरी रेष. पाठीच्या आतल्या आडव्या पट्ट्या बोटानं हलवून बघा, आणि भोकाला नाक लावून वास घ्या. कुबट वास आणि सुटलेली पट्टी दोन्ही सापडलं तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. बाहेरून पुसून पॉलिश मारलेलं असतं, आतला गोंद मात्र फुटलेला असतो.

सेटअप झाला की त्या दिवशीची तारीख, दोन्ही ई तारांची बाराव्या फ्रेटवरची उंची आणि सॅडलची उंची एका चिठ्ठीवर लिहून पिशवीच्या कप्प्यात ठेवा. जुलैच्या मध्यात आणि एप्रिलच्या अखेरीस तेच आकडे पुन्हा घ्या. अर्ध्या मिलिमीटरच्या आत फरक असेल तर हात लावू नका, हवा बदलली की तो आपोआप कमी होतो. त्याहून जास्त असेल तर आधी मानेचा वाक बघा, सॅडल सगळ्यांत शेवटी.